गावात इतिहास मंडळ काढायचंय? आधी दाखल रजिस्टर उघडा, खोलीचं आणि कपाटांचं नंतर बघू

तुम्ही विचारलंय की गाव लहान आहे, तालुक्याचं ठिकाणही नाही, आम्ही सहा-सात जण आहोत, त्यात दोन निवृत्त गुरुजी, एक फोटो स्टुडिओवाला आणि बाकी पंचविशीतली पोरं, ग्रामपंचायत जुन्या चावडीतली एक खोली द्यायला तयार आहे, तर इतिहास मंडळाचं रजिस्ट्रेशन कसं करायचं, जुन्या वस्तू कशा गोळा करायच्या आणि संग्रहालय कधी उघडायचं. मी महाराष्ट्रात बरीच वर्षं हेच काम करतोय, वेगवेगळ्या जिल्ह्यांत अशी मंडळं उभी राहताना आणि बंद पडतानाही जवळून बघितली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या क्रमाने विचारलंय तो क्रम मी उलटा करायला सांगेन. मंडळाचं पहिलं काम नोंद करणं, वस्तू गोळा करणं नव्हे. सनद, म्हणजे हक्क किंवा इनाम दिल्याचा जुना सरकारी कागद, ज्याच्या पेटीत आहे त्याच्याच पेटीत राहू दे, वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, ज्या पारावर उभा आहे तिथेच उभा राहू दे, तुम्ही फक्त फोटो काढा, मापं घ्या, कुणी काय सांगितलं ते त्याच्या नावासकट लिहून ठेवा. ज्या मंडळांनी आधी वस्तू जमवल्या त्यांची दोन-तीन वर्षांत काय अवस्था होते ते सांगतो. खोली भरते, तलवारी, तांब्याची भांडी, जाती, पोथ्या, नाणी, सगळं येतं, फोटो निघतात, पेपरात बातमी येते, आणि मग एक दिवस कुणाचा तरी नातू येऊन म्हणतो आमच्या आजोबांनी दिलेली सनद परत द्या, आणि कुणालाच सांगता येत नाही की कुठली सनद त्यांची, कधी दिली, कायमची दिली की बघायला दिली. एवढ्यावर भांडण होतं आणि गावातली बाकीची दारं बंद होतात. शिवाय ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र, कुठल्या घरातून आला, कुणी जपला, घरातले लोक त्याबद्दल काय सांगतात हे लिहिलेलं नसेल तर तो कपाटात असून नसल्यासारखाच.

आपल्याकडे या कामाची परंपरा फार चांगली आहे, तिचा आधार घ्या. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी सरदार मेहेंदळ्यांच्या साथीने ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं हा माणूस गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे कागद बघत होता, उतरवून घेत होता, त्यांनी छापलेल्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालचा आहे. म्हणजे काम आधी, संस्था नंतर. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांचे कागद जपायला तिथे लगेच पुढच्या वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, तिथेही कागद आधी होते. दुसरं उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहन काळातलं व्यापाराचं मोठं ठिकाण, आणि तिथे शेतात, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात पावसाळ्यानंतर वर येणारे मणी, खापरं, मृण्मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गावातल्याच एका गृहस्थांनी वर्षानुवर्षं जमवल्या, आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे. तुम्ही म्हणाल की त्यांनी तर वस्तूच जमवल्या की! बरोबर आहे, पण तो काळ वेगळा होता, आज कायदा वेगळा आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि त्यांच्यासारखा जन्मभर एकाच गावाच्या मातीत लक्ष घालणारा माणूस तुमच्याकडे असेल तर गोष्ट निराळी.

आता रजिस्टरबद्दल. वाचनालयात नवीन पुस्तक आलं की दाखल नंबर पडतो, तसंच एक जाड बांधणीचं, पानांना छापील नंबर असलेलं रजिस्टर आणा. सुटे कागद नको, एक्सेलमध्ये नंतर चढवा पण मूळ नोंद शाईने हातानेच. प्रत्येक गोष्टीला एक नंबर, मग ती वस्तू असो, फोटो असो, कागदाचा स्कॅन असो की एखाद्या आजींची रेकॉर्डिंग. नंबर एकदा दिला की परत वापरायचा नाही, खोडायचा नाही, चूक झाली तर पुढे शेरा लिहायचा आणि सही करायची. समोर काय काय लिहायचं तर तारीख, कुणाकडून, सध्या कुठे आहे, मूळ की नक्कल, वर्णन, मापं, सांगणाऱ्याने सांगितलेली माहिती, आणि नोंद कुणी केली. सांगणाऱ्याची माहिती आणि तुमचा अंदाज हे दोन वेगळे रकाने ठेवा, एकत्र कधीच लिहू नका. पुढच्या पन्नास वर्षांत तुमच्या मंडळाची किंमत या दोन रकान्यांवर ठरणार आहे असं समजा.

एक नोंद प्रत्यक्ष कशी असते ते दाखवतो. समजा मारुतीच्या देवळामागे एक वीरगळ आहे. बहुतेक जण लिहितात, "प्राचीन वीरगळ, मारुती मंदिर, अवस्था बरी". याचा उपयोग शून्य. नीट नोंद अशी असते: काळा बेसाल्ट, जमिनीच्या वरची उंची अमुक सेंटीमीटर, रुंदी, जाडी, खाली किती गाडला गेलाय ते कळत नाही. तोंड पूर्वेला. तीन चौकटी दिसतात, सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला आणि शेजारी गाई, म्हणजे गोधन वाचवताना आलेलं मरण असावं हा आपला अंदाज, तो अंदाजाच्याच रकान्यात. मधल्या चौकटीत दोन्ही बाजूंना अप्सरा वीराला वर घेऊन जाताना, वरच्या चौकटीत वीर शिवलिंगाची पूजा करतोय, डोक्यावर चंद्रसूर्य आणि कळस. उजवा कोपरा फुटलेला. खालच्या भागावर ऑइल पेंटचा थर, रंग भगवा. गावात याला काय म्हणतात, कुठल्या घराण्याकडून नारळ फोडला जातो, कुठल्या दिवशी, आधी दुसरीकडे होता का, रस्ता रुंद करताना हलवला का, हे सांगणाऱ्याच्या नावाने. मग चार बाजूंचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून, आणि मोबाइलवरचं लोकेशन. एवढं लिहायला तासभर लागतो, लागू दे. रस्त्याच्या कामात उद्या तो दगड गायब झाला तर निदान एवढं शिल्लक राहील आणि पोलिसांत तक्रार द्यायलाही हेच कामाला येईल.

दगडावर अक्षरं दिसली तर खडू, पीठ, गेरू, तेल काही लावू नका, घासूही नका. रात्री जा आणि टॉर्च दगडाच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा, दिवसा अजिबात न दिसणारी अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात, तो फोटो काढा, मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन परत काढा. कागदाचा ठसा घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, त्याला बोलवा. आणि गावातला साधा दिसणारा दगड हलक्यात घेऊ नका, अलिबागजवळ आक्षीला जो शिलालेख आहे, वर चंद्रसूर्य आणि खाली गाढवाचा शाप असलेला गधेगाळ, त्यावरचा शक ९३४ असा वाचला जातो म्हणजे इसवी सन १०१२, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याचं नाव घेतात आणि तो गावातच रस्त्याच्या कडेला होता.

आता घरांतले कागद. हे सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात श्रीमंत प्रकरण आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्या घरी सनदा, इनामपत्रं, महजर म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचे कागद, ताळेबंद असतातच पण तेवढ्यावर थांबू नका. जुन्या दुकानदाराच्या वह्या, सोनाराची वही, मठातली आणि दर्ग्यातली कागदपत्रं, सोसायटीचे पहिले ठराव, तालमीचं खर्चाचं पुस्तक, लग्नपत्रिका, मुंबईच्या गिरणीतून गावी आलेली पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, पलटणीत गेलेल्यांची डिस्चार्ज बुकं, हे सगळं इतिहासच आहे आणि हे फार लवकर रद्दीत जातं. लोकांकडे जाताना दोघांनी जा, त्यातला एक त्या घराच्या ओळखीचा हवा. कागद घराबाहेर न्यायचे नाहीत हे पहिल्याच वाक्यात सांगा, स्कॅनर किंवा कॅमेरा स्टँड तुम्हीच घेऊन जा, त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांच्यासमोर फोटो काढा आणि निघताना एक पूर्ण सेट पेन ड्राइव्हवर त्यांना द्या. यात त्यांना मिळालं काय तर आजोबांच्या कागदांची कॉपी आणि जुन्या मोडी लिपीत काय लिहिलंय ते समजायची आशा, आणि तुमच्याकडे आला विश्वास. पुढच्या घरी तेच तुमची शिफारस करतात.

एक गोष्ट ध्यानात घ्या, सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं, त्यानंतर लोकांची जुन्या कागदांकडे बघायची नजर बदललीय. मोडी वाचणाऱ्याला एकदम मागणी आली. कागद रद्दीत जायचे थांबले ही चांगली गोष्ट, पण त्याच वेळी लोक सावधही झालेत, कागद दाखवला तर आपला हक्क जाईल किंवा भाऊबंदकीत वापरला जाईल अशी भीती असते. म्हणून मंडळ दाखले काढून देत नाही, जमिनीच्या वादात साक्ष देत नाही, हे लेखी ठरवून टाका आणि पाळा. वाटणीचा दावा चालू असलेल्या घरचे कागद दावा संपेपर्यंत मागूच नका.

फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. स्कॅनर असेल तर कागदाला ३०० डीपीआय, फोटोला ६००. घडी उलगडताना तुटत असेल तर उलगडू नका. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही नको, लॅमिनेशन केलेला कागद नंतर कुणालाच वाचवता येत नाही. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहायचं नाही, मऊ पेन्सिलने कडेला नंबर घाला. ताम्रपट चिंचेने, नाणी पावडरने चकचकीत करायची घरच्यांना फार हौस असते, त्यांना प्रेमाने थांबवा, घासण्यात अक्षराची धार जाते. कागद जपायला घरच्यांना काय सांगायचं तर प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, मांजरपाटाच्या धुतलेल्या कोऱ्या कापडात गुंडाळा, जुन्या दफ्तरांत रुमाल बांधायचे ते यासाठीच, भिंतीला टेकवून ठेवू नका आणि पावसाळ्यानंतर एकदा सोडून बघा, कसर किंवा वाळवी लागली असेल तर तेव्हाच कळते.

मोडी तुमच्यातल्या किमान दोघांनी शिकायलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. राज्याचा पुराभिलेख विभाग वर्ग घेतो, भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात, आणि छापील उतारे गिरवत बसलं तर काही महिन्यांत सोपं अक्षर लागायला लागतं, घसटी, म्हणजे घाईत ओढून लिहिलेली, मोडी मात्र वर्षानुवर्षं मागते. गावातला विसाव्या शतकातला कागदही बऱ्याचदा मोडीत असतो, त्यामुळे मोडी म्हणजे शिवकाळच असं धरून चालू नका. तारखांचं कोष्टक मात्र पहिल्या दिवशी भिंतीवर लावा. जुन्या कागदांत वेगवेगळ्या कालगणना असतात, शालिवाहन शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन, दक्षिणेतल्या फसली सनात ५९०, आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६००, कारण सुहूर वर्ष मृगाला बदलतं. सुहूर सन आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो, "इहिदे सितैन मया व अलफ" असं लिहिलेलं दिसलं तर इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १०० आणि अलफ १०००, झाले ११६१, म्हणजे १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचं वर्ष, पानिपत याच सालातलं. हे एवढं कोष्टक पोरांना पाठ झालं की कागद हातात धरल्या धरल्या त्यांना साल सांगता येतं आणि घरमालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मोडीची गोडी पोरांना तिथूनच लागते असा माझा अनुभव आहे.

सरकारी दप्तरात काय मिळेल ते थोडक्यात. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती असेल तर १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं जरूर बघा, इन्फ्लुएंझाच्या साथीत आपलं गाव किती खाली आलं ते पानावर सरळ दिसतं. शाळेचं जनरल रजिस्टर, भूमी अभिलेखमधले जुने नकाशे आणि पत्रकं, ग्रामपंचायतीची प्रोसिडिंग बुकं. गाव जुन्या मुंबई इलाख्यात असेल तर जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेली जिल्हा गॅझेटिअर आहेत, १८७७ ते १९०४ या काळात निघालेली, आणि पेशवे दफ्तरातले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात. गाव मराठवाड्यातलं असेल तर निजामाच्या राज्याचा कारभार, त्यामुळे उर्दू-फारशी वाचणारं कुणीतरी शोधा आणि हैदराबादकडे बघा. विदर्भातलं असेल तर मध्यप्रांत-वऱ्हाडचं दप्तर, नागपूर. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तुमच्या गावच्या घराण्यांच्या पिढ्या सापडू शकतात, मात्र त्या त्यांच्या खासगी वह्या आहेत, ज्या घराण्याची नोंद बघायची त्यातल्याच माणसाला सोबत घेऊन जा. शाळेच्या रजिस्टरात आणि कोतवाल बुकात जाती, मृत्यूची कारणं असं सगळं असतं, ते नावानिशी कुठेही टाकायचं नाही.

खरं सांगायचं तर या सगळ्यापेक्षा घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे, ती म्हणजे माणसांची. कागद अजून दहा वर्षं थांबेल, नव्वदीचे आजोबा थांबणार नाहीत. म्हणून पहिल्या महिन्यात गावातल्या ऐंशीच्या पुढच्या लोकांची यादी करा, सगळ्या आळ्यांतली, सगळ्या वस्त्यांवरची, आणि रेकॉर्डिंग तिथून सुरू करा. मोबाइल चालतो, कॉलर माइक असेल तर उत्तम, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, कोण बोलतंय, कोण विचारतंय हे रेकॉर्डवरच बोला, आणि हे जपून ठेवू का, लोकांना ऐकवू का, हेही विचारून त्यांचं उत्तर रेकॉर्ड करा. "गावाचा इतिहास सांगा" असं विचारलं की आजोबा शाळेच्या पुस्तकातलाच इतिहास सांगायला लागतात. विचारायचं असं की ७२ च्या दुष्काळात तुमच्या घरात काय शिजत होतं, खडी फोडायला कुठे जात होता, मजुरी कोण वाटायचं, सुकडी कुठे मिळायची. वीज आली ती रात्र आठवते का. पहिली एसटी कुठे थांबायची. पाणवठ्यावर कुणाला येऊ द्यायचे नाहीत आणि ते कधी बदललं. धरणात गाव गेलेलं असेल तर जुन्या गावात तुमचं घर कुणाच्या शेजारी होतं. अशा प्रश्नांवर माणूस तासभर बोलतो. शेवटचा प्रश्न कागदावर हाताने नकाशा काढायला सांगण्याचा, वेशी, बारव, आड, तालीम, कुंभाराचा आवा, जुनी स्मशानं, आणि त्या कागदाला पण दाखल नंबर.

बायकांच्या रेकॉर्डिंगला बाईच बसली पाहिजे, आणि घरातले पुरुष आजूबाजूला नसतील अशी वेळ काढावी. जात्यावरच्या ओव्या अजून येणाऱ्या आजी असतील तर सगळं बाजूला ठेवून तिथे जा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांच्या कामात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यात सीता आहे, भाऊ आहे, सासर आहे, पंढरीची वाट आहे, आंबेडकर आहेत, जे कुठल्याही दफ्तरात सापडणार नाही असं बायकांचं बोलणं आहे. तुमच्या गावचं असं काही अजून कुणीच घेतलेलं नसण्याची शक्यता जास्त.

इथे मला मनापासून एक सांगायचंय. गावचा इतिहास म्हणून जे पुस्तक निघतं त्यात बहुतेक वेळा दोन-तीन घराण्यांचा आणि एका देवळाचा इतिहास असतो, बाकी गाव त्यात नसतंच. महारवाडा, मांगवाडा, धनगरवस्ती, मुसलमान मोहल्ला, वडारांची पालं, वतनं, बलुतं, कोण कुठलं काम करत होतं आणि कुणाला ते करावंच लागत होतं, हे नसेल तर तो गावचा इतिहास झालाच नाही. तुमच्या सहा-सात जणांत एकाच आळीचे सगळे असाल तर रजिस्ट्रेशनच्या आधी ते दुरुस्त करा, नुसतं नावाला एक माणूस घेऊन नाही तर रजिस्टर ज्याच्या हातात असेल अशांपैकी कुणीतरी दुसऱ्या आळीचा हवा. माहिती कुणाच्या दारातून येईल ते यावरच ठरतं.

आणि वाद होणारच. ग्रामदेवतेचा पहिला मान कुणाचा, गाव कुणी वसवलं, समाधी कुणाची, वेशीजवळची जागा आधी काय होती. मंडळाने निवाडा करायचा नाही. तीन घरांनी तीन हकीकती सांगितल्या तर तिन्ही ज्याच्या त्याच्या नावाने तारखेसह नोंदवायच्या, आणि कागद निघाला तर कागद काय म्हणतो ते चौथं. व्याख्यानातही "असं अमुक यांनी सांगितलं" असंच बोलायचं. निवडणुकीच्या आधी दोन महिने या विषयावर जाहीर कार्यक्रम नको.

कायद्याचं आता. जमिनीत काही सापडलं, नांगराला हंडा लागला, पायाच्या खोदाईत नाणी निघाली, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो, दहा रुपयांच्या वर किमतीचं काहीही असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं, मंडळाने ते आपल्याकडे ठेवायचं नसतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, नाणं, शिल्प वगैरे आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, त्यातल्या दगडी-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा प्रकारांची सरकारकडे नोंदणी लागते आणि विकायला लायसन लागतं. संग्रहालयाची घाई करू नका म्हणतो त्याचं हे एक कारण. पडक्या देवळातली मूर्ती सुरक्षित राहावी म्हणून उचलून खोलीत आणणं हा तर सरळ अडचणीत जायचा रस्ता आहे, तिथेच ठेवून फोटोसकट पुरातत्त्व खात्याला आणि तहसीलदारांना लेखी कळवा, पोच घ्या. केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, ही माहिती ग्रामपंचायतीला बऱ्याचदा नसते, तुम्ही सांगितली तर पुढचे तंटे वाचतात. आणि खोदकाम करायचं नाही, हौस म्हणूनही नाही, मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला सभासद करायचं नाही.

रजिस्ट्रेशन. किमान सात जण लागतात, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली ट्रस्ट म्हणून, दोन्ही जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून होतं. करणं अवघड नाही, चालवणं अवघड आहे. दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. ज्या संस्थांनी चेंज रिपोर्ट घातले नाहीत तिथे वीस वर्षांनी कागदावर सगळे मयत विश्वस्त असतात आणि बँक खातं हलत नाही. म्हणून माझा सल्ला असा की पहिलं वर्ष-दीड वर्ष काहीच रजिस्टर करू नका, गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर त्यांच्याकडे जा आणि त्यांचा स्थानिक इतिहास विभाग म्हणून काम सुरू करा. वाचनालयाकडे रजिस्ट्रेशन आहे, ऑडिट आहे, कपाट आहे, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असेल तर अनुदान आहे, आणि दाखल रजिस्टर म्हणजे काय हे ग्रंथपालाला शिकवावं लागत नाही. त्यांच्या कार्यकारिणीचा एक ठराव करून घ्या, त्यात स्कॅन आणि रेकॉर्डिंग कुणाच्या ताब्यात राहतील ते स्पष्ट लिहा. देणग्या यायला लागल्या, ८०जी म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट देणारी मान्यता हवी असं वाटलं, की मग वेगळी संस्था. चावडीची खोली ग्रामपंचायत देत असेल तर घ्या, पण ग्रामसभेच्या ठरावाने आणि लेखी, कारण सरपंच बदलतो. छत गळत नाही ना आणि वायरिंग नीट आहे ना हे बघून घ्या.

पैशाचं सुरुवातीला फारसं काही नसतं. रजिस्टर, हार्ड डिस्क, एक माइक, प्रिंट, प्रवासाचा खर्च, एवढंच, आणि ते वर्गणीतून निघतं. एका पुढाऱ्याची मोठी देणगी पहिल्याच वर्षी घेऊ नका, मंडळ त्याचं म्हणून ओळखलं जाईल आणि निम्मं गाव बोलेनासं होईल. लोकांना काम दिसलं पाहिजे त्यासाठी जत्रेच्या दिवसांत जुन्या फोटोंच्या प्रिंटचं प्रदर्शन लावा, प्रत्येक माणसाच्या डोक्यावर नंबर टाकून, खाली कोरी पट्टी आणि पेन्सिल. १९६० च्या शाळेच्या ग्रुप फोटोसमोर म्हातारी माणसं अर्धा-अर्धा तास उभी राहतात, नावं लिहितात, एकमेकांची दुरुस्त करतात, आणि पुढच्या आठवड्यात घरचे फोटो घेऊन येतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निरोपांपुरताच ठेवा. तिथे आलेला फोटो कॉम्प्रेस होतो आणि कुणी कुठून पाठवला त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून त्याला दाखल नंबर द्यायचा नाही, मूळ फोटो बघून नव्याने स्कॅन करायचा.

स्कॅन आणि रेकॉर्डिंगच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक गावाबाहेर. फाइलचं नाव म्हणजे दाखल नंबर, बाकी काही नाही. रजिस्टरच्या पानांचाही दर सहा महिन्यांनी फोटो काढून त्याच डिस्कवर टाका, कारण रजिस्टर हरवलं तर डिस्कवरच्या हजारो फाइली नुसत्या आकड्यांच्या राहतील. पासवर्ड दोघांकडे, किल्ली दोघांकडे, आणि ते दोघे एकाच घरातले नकोत. नियमावली लिहाल तेव्हा शेवटच्या कलमात हे घाला की मंडळ बंद पडलं किंवा सलग दोन वर्षं सभा झाली नाही तर रजिस्टर, डिस्क आणि मंडळाकडे असलेल्या मूळ वस्तू अमुक संस्थेकडे जातील, म्हणजे जिल्ह्यातलं एखादं जुनं वाचनालय, कॉलेजचा इतिहास विभाग किंवा संशोधन मंडळ, आणि त्यांची संमती आत्ताच लेखी घेऊन नियमावलीला जोडा. ज्यांनी मूळ वस्तू दिल्या असतील त्यांना त्या आधी परत मागायचा हक्क राहील, हेही त्याच कलमात.